पांढऱ्या बारीक गोळीचे नाव

१७ सप्टेंबरच्या सकाळी मुखेडमध्ये झेंडा चढतो, पोरे इस्त्रीचे कपडे घालून प्रभातफेरीला निघतात आणि १९४८ साली हा मुलूख निजामी राजवटीतून सुटल्याची आठवण दरवर्षीप्रमाणे भाषणांतून जागी होते. मराठवाड्याला हा दिवस स्वातंत्र्यदिनाइतकाच जवळचा. त्यात दुसरे काही मिसळावे असे कुणाला वाटणार नाही. तरी आज आम्ही मिसळणार आहोत. कारण हीच तारीख जागतिक आरोग्य संघटनेने २०१९पासून रुग्णसुरक्षा दिन म्हणून धरली आहे. औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याचा आपल्या देशातला राष्ट्रीय सप्ताहही १७ ते २३ सप्टेंबर असाच पाळला जातो. त्यात मध्येच, १९ तारखेला, सर्पदंश जागृती दिन येतो. दिल्ली-मुंबईत या दिवसांची पोस्टरे लागतात. मुखेड, देगलूर, कंधार, जळकोटकडे यायला त्यांना एसटी मिळत नसावी.

मोठ्या रोगांवर या आठवड्यात लिहिणारे लिहितीलच. आमचा विषय चहापेक्षा स्वस्त मिळणाऱ्या एका गोळीचा आहे.

पाऊस उघडीप देतो तसा आपल्याकडे खाजेचा हंगाम सुरू होतो. पुण्याच्या आसपास १९५०च्या दशकात पहिल्यांदा नजरेस आलेले गाजरगवत आता आपल्या बांधावर, गावठाणात आणि शाळेच्या कुंपणालगत असे माजले आहे, की ते बाहेरून आले यावर नव्या पिढीचा विश्वास बसत नाही. ते उपटणाऱ्या बाईच्या हातावर, मानेवर चट्टे उठतात. उडदा-मुगाच्या राशीचा धुराळा नाकात जातो आणि शिंका थांबत नाहीत. चिखलात दिवसभर उभे राहिलेले पाय रात्री खाजवून सोलवटतात. २०२५च्या ऑगस्टमध्ये लेंडी नदीचे पाणी हसनाळ, रावणगावात शिरले. असे पाणी ओसरून गेले तरी अंगाची खाज मागे राहते. मग कुणीतरी दुकानात जाऊन म्हणते, ‘अंगावर गांध्या उठल्यात, गोळी द्या.’ कुणी म्हणते, ‘पित्त उठलंय.’ हा दुसरा शब्द फसवा आहे. अंगावर उठणारे पित्त वेगळे आणि छातीत जळजळणारे वेगळे, आणि दुकानातला पोरगा नवा असेल तर खाजेच्या माणसाच्या हाती आम्लपित्ताची गोळीही पडते. पण बहुतेक वेळा बरोबर गोळी मिळते. कात्रीने पट्टीतून दोन गोळ्या कापल्या जातात, कागदाच्या पुडीत बांधल्या जातात, रात्री एक घेतली की सकाळपर्यंत आराम. ‘ती बारीक पांढरी गोळी’ एवढीच तिची ओळख.

तिची खरी नावे सेट्रिझिन, लेव्होसेट्रिझिन, क्लोरफेनिरामिन. सर्दीच्या गोळीत ती पॅरासिटामॉल आणि फिनिलेफ्रिनच्या जोडीने दडलेली असते. इंजेक्शनमध्ये फेनिरामिन असते, ज्याला गावोगावच्या दवाखान्यांत ‘एविल’ याच नावाने ओळखतात. या साऱ्यांना मिळून अँटिहिस्टामाइन म्हणतात. हिस्टामाइन हे आपल्याच शरीरातले द्रव्य. हेन्री डेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९१०च्या सुमारास त्याचे गुण ओळखले. अॅलर्जीत शरीराच्या पेशी ते एकदम बाहेर टाकतात आणि त्यातून खाज, सूज, वाहते नाक असा सारा तमाशा उभा राहतो. ते जिथे जाऊन चिकटते ती जागा आधीच अडवून धरणारी औषधे शोधण्याची सुरुवात डॅनिएल बोवे याने पॅरिसमध्ये १९३७च्या सुमारास केली, आणि १९५७चे नोबेल त्याला मिळाले. गेल्या शतकात सामान्य माणसाला रोजच्या त्रासातून सोडवणारी जी थोडी औषधे आली, त्यांत यांचा नंबर वरचा. हे आधी सांगितले पाहिजे. पुढचे वाचून कुणी घरातली पट्टी उकिरड्यावर फेकू नये.

पुढचे असे, की फार थोड्या माणसांना याच औषधाची अॅलर्जी असते. कुंपणानेच शेत खाल्ले, असे आपण ज्याला म्हणतो तो प्रकार. सेट्रिझिन घेतल्यावर गांध्या वाढल्या, ओठ सुजले, श्वास अडकला. क्लोरफेनिरामिन किंवा फेनिरामिन टोचल्यावर रक्तदाब कोसळला. किंवा गोळी घेतली की दर वेळी त्वचेवर नेमक्या त्याच जागी काळपट लाल डाग उमटला. अशा रुग्णांची वर्णने वैद्यकीय नियतकालिकांतून वर्षानुवर्षे छापून आली आहेत. संख्येने ती मोजकी आहेत. जगात रोज कोट्यवधी लोक ही औषधे पचवतात, त्यात हे मोजके. डॉक्टरी आयुष्यात एकही असा रुग्ण न पाहता निवृत्त होणारे पुष्कळ असतील.

दुर्मीळ गोष्टीवर अग्रलेख कशाला, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असे, की ही गोष्ट दुर्मीळ आहे म्हणूनच ती ओळखू येत नाही, आणि ओळखू येत नाही म्हणून धोक्याची ठरते. इंजेक्शननंतर अंगावर पुरळ आले तर आपण इंजेक्शनवर संशय घेतो. वेदनाशामक गोळीवर, सल्फावर, पेनिसिलिनवर घेतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबरच असतो. पण खाजेसाठी दिलेल्या गोळीनंतर खाज वाढली, तर? ‘गोळी कमी पडली’ असेच घरचे म्हणतात, बरेचदा दवाखान्यातही तेच म्हणतात, आणि आणखी एक दिली जाते. मग सलाइनमधून त्याच कुळातले औषध जाते. रोगाची लक्षणे आणि औषधाच्या बाधेची लक्षणे हुबेहूब एक असली, की बोट कुणाकडे दाखवायचे? सर्दीच्या एका गोळीत तीन-तीन औषधे असतात. त्यांतला गुन्हेगार शोधताना अॅलर्जीच्या औषधाकडे सगळ्यात शेवटी नजर जाते. गोळीतला रंग, तिच्यावरचा पातळ थर, आत मिसळलेले इतर पदार्थ यांचाही हात असू शकतो, हे तर आणखी नंतर सुचते.

या औषधांची कुळे आहेत, आणि सोयरीक पाहताना आपण कूळ जसे विचारतो तसे ते इथे विचारावे लागते. हायड्रॉक्सिझिन हे जुने औषध शरीरात गेले की त्याचे सेट्रिझिन होते. लेव्होसेट्रिझिन म्हणजे सेट्रिझिनच्याच दोन आरशातल्या रूपांपैकी एक. तेव्हा एकाची बाधा झालेल्या माणसाला ‘हे घ्या, नवीन आहे’ म्हणून दुसरे दिले, तर घरात तोच पाहुणा दुसरा सदरा घालून येतो. फेनिरामिन आणि क्लोरफेनिरामिन यांचे कूळ वेगळे. एका कुळाने बाधणाऱ्याला दुसऱ्या कुळातले औषध बहुधा चालते, पण ते तज्ज्ञाने तपासून ठरवायचे असते. आपल्या अंगावर प्रयोग करून नव्हे.

सगळ्याच त्रासाला अॅलर्जी म्हणू नये, हेही इथेच सांगून टाकू. गोळीने झोप येते, तोंड कोरडे पडते, तो तिचा स्वभाव आहे. ती घेऊन ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल चालवू नये, बस. आणखी एक नवी बाब अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२५मध्ये जाहीर केली. सेट्रिझिन किंवा लेव्होसेट्रिझिन महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे रोज घेऊन मग एकदम बंद केले, तर काहींना काही दिवसांतच असह्य खाज सुटते. तीही औषधाची अॅलर्जी नव्हे. औषध सुटल्याची खाज. ती आली की माणूस पुन्हा गोळी सुरू करतो, बरे वाटते, आणि गोळी जन्माची होऊन बसते. आपल्याकडे गाजरगवताच्या खाजेवर वर्षभर रोज एक गोळी घेणारे शेतकरी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या इशाऱ्याचे महत्त्व सांगायला नको. असे कुणी असाल तर मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू सोडा.

आता जीवावर बेतणाऱ्या रिअॅक्शनकडे येऊ. तिला अॅनाफिलॅक्सिस म्हणतात. शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०२ साली समुद्रातल्या जिवांचे विष कुत्र्यांना अगदी थोडे थोडे टोचून पाहिले. कुत्र्यांना त्याची सवय होईल असा त्यांचा होरा. झाले उलटेच: दुसऱ्या वेळच्या क्षुल्लक मात्रेने कुत्रे काही मिनिटांत दगावले. संरक्षणाच्या उलट म्हणून त्यांनी हा शब्द घडवला, आणि १९१३चे नोबेल रिशेला मिळाले. एका शतकानंतरही आपल्या दवाखान्यांत या संकटाला तोंड देण्याची जी रीत पडली आहे, तिच्याबद्दल आमची तक्रार आहे. रिअॅक्शन आली की पहिला हात जातो तो ‘एविल-डेक्सा’कडे. म्हणजे एक अँटिहिस्टामाइन आणि एक स्टेरॉइड. खाज आणि गांध्या त्यांनी कमी होतात, हे खरे. पण घसा आवळतो, श्वासनळ्या मिटतात आणि रक्तदाब पडतो तेव्हा जीव वाचवणारे औषध एकच, आणि ते अॅड्रेनॅलिन. तेही मांडीच्या स्नायूत, विलंब न लावता. जगभरच्या मार्गदर्शिका यावर एकमताने बोलतात. औषध जुने आहे, स्वस्त आहे, देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. आणि ज्याला अँटिहिस्टामाइनचीच बाधा झाली आहे, त्याच्या बाबतीत तर पहिला हात एविलकडे जाणे म्हणजे आगीत तेल.

हे पुस्तकी ज्ञान वाटेल, पण मुखेडला ते घरचे आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालणारी सर्पदंशाची लस घोड्याच्या रक्तापासून बनते. घोड्याची प्रथिने माणसाच्या अंगात गेली की अनेकांना रिअॅक्शन येते, काहींना जबर. म्हणजे साप चावलेल्याला वाचवताना डॉक्टरला सापाशी आणि लसीच्या अॅलर्जीशी असे दोन्हीकडे लढावे लागते. श्रीलंकेत सर्पदंशाच्या १००७ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. तिथली लसही भारतातच बनलेली. लस सुरू करण्याआधी कुणाला अॅड्रेनॅलिनची अगदी छोटी मात्रा दिली, कुणाला प्रोमेथॅझिन हे अँटिहिस्टामाइन, कुणाला स्टेरॉइड, कुणाला नुसते पाणी. अॅड्रेनॅलिन घेतलेल्यांत पहिल्या तासातल्या तीव्र रिअॅक्शन ४३ टक्क्यांनी कमी झाल्या. अँटिहिस्टामाइनने काही फरक पडला नाही; स्टेरॉइडनेही नाही. वर्षानुवर्षांची सवय एका अभ्यासाने सुटत नाही, हे आम्हाला कळते. पण ज्या देशात २०००पासूनच्या वीस वर्षांत सुमारे १२ लाख लोक सर्पदंशाने गेले असा अंदाज आहे, तिथे ही सवय महाग पडते.

मुखेडचे डॉ. दिलीप पुंडे यांनी ग्रामीण महाराष्ट्रातल्या सर्पदंशाच्या उपचारांचा दहा वर्षांचा अनुभव २००५ साली ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’मध्ये मांडला. त्याआधी महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाची निरीक्षणे १९८२मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आणली होती आणि पुढे प्राझोसिनचा उपचार जगापुढे ठेवला. मुखेड काय किंवा महाड काय, तिथे संशोधनाची प्रयोगशाळा नव्हती. रुग्ण होते, रात्र होती आणि वही होती. काय दिले, किती वाजता दिले, पुढे काय झाले, हे त्यांनी लिहून ठेवले. आमच्या आजच्या म्हणण्याचे मूळ त्या वहीत आहे.

कारण आपल्या बहुसंख्य रुग्णांकडे त्या वहीतले एकही पान नसते. विचारा कुणाला, कशाने रिअॅक्शन आली होती? उत्तर येते, ‘गोळी गरम पडली.’ कोणती? ‘पांढरी, बारीक.’ कुठून घेतली? ‘बाजारातून.’ १९४५च्या औषध नियमांत ‘जी’ नावाचे एक परिशिष्ट आहे. अनेक अँटिहिस्टामाइन औषधे त्यात येतात आणि वैद्यकीय देखरेखीवाचून ही घेणे धोक्याचे आहे, अशी सूचना त्यांच्या वेष्टनावर छापावी लागते. ती छापलेली असते, इंग्रजीत, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत. दहा गोळ्यांची पट्टी कापून दोन दिल्या की सूचना दुकानात राहते, बऱ्याचदा नावही दुकानातच राहते. डॉक्टरांनी औषधाचे नाव वाचता येईल असे, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असा नियम २०१६मध्ये झाला. ज्या दवाखान्यात चिठ्ठीच मिळत नाही, पुड्याच मिळतात, तिथे तो नियम वाचणार कोण?

दवाखान्याची बाजूही ऐकली पाहिजे. तालुक्याच्या गावात ‘सुई दिली आणि माणूस गेला’ ही बातमी रुग्णवाहिकेच्या आधी गावात पोचते. मग जमाव, दगड, फुटलेल्या काचा. सुई मारणारी होती की वाचवणारी होती, हे विचारायला तेव्हा कुणी थांबत नाही. म्हणून काही डॉक्टर अॅड्रेनॅलिनला हात लावायला कचरतात, आणि रिअॅक्शन येऊन निभावली तरी रुग्णाला नेमके कशाने झाले ते सांगत नाहीत. भीती समजण्यासारखी आहे. गप्प बसणे समर्थनीय नाही. त्या रुग्णाला पुढच्या वर्षी नांदेडला किंवा लातूरला तेच औषध मिळणार आहे, आणि तिथल्या डॉक्टरला आधीचे काहीच ठाऊक नसणार.

नोंदीची सरकारी सोय देशात २०१०पासून आहे. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या या राष्ट्रीय कार्यक्रमाचे मुख्य केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. नोंद फक्त डॉक्टरांनीच करावी असे नाही. परिचारिका, औषधविक्रेते, रुग्ण, नातेवाईक कुणीही करू शकते. रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे. त्यात कुणी चूक कबूल केली असे धरले जात नाही आणि नाव गुप्त ठेवतात, हे डॉक्टरमंडळींनी ध्यानात घ्यावे. तिथून या नोंदी स्वीडनमधल्या उप्सालाच्या केंद्रात जगभरच्या नोंदींना जाऊन मिळतात. या कागदांनी काय होते असे कुणी विचारील, म्हणून वर सांगितलेली सेट्रिझिनची गोष्ट पुन्हा सांगतो. ती बंद केल्यावर सुटणाऱ्या खाजेचा इशारा अमेरिकेने दिला तो जगभरातल्या फक्त २०९ नोंदींच्या आधारावर. त्यांतल्या १९७ एकट्या अमेरिकेतल्या होत्या. म्हणजे २०९ खाजणाऱ्या माणसांची तक्रार कुणीतरी लिहून पाठवली, आणि कोट्यवधी लोक घेतात त्या औषधाच्या माहितीपत्रकात बदल झाला. आपल्याकडे गोळी गरम पडलेल्यांची मोजदाद कुठे झाली?

तेव्हा या सप्ताहात मुखेड तालुक्याने, आणि जमल्यास शेजारच्या तालुक्यांनीही, थोडे करावे. औषधविक्रेत्यांनी सुटी गोळी देताना पुडीवर नाव लिहावे; तेवढे दोन शब्द लिहिण्याने धंदा बुडत नाही. दुष्परिणाम कळवण्याचा क्रमांक आणि क्यूआर कोड दुकानात लावा, असे केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२५मध्ये सांगितले आहे. तो आपल्या दुकानात आहे का, हे गिऱ्हाइकानेही डोळे वर करून पाहावे. प्रत्येक दवाखान्याने, मग तो एका खोलीचा का असेना, अॅड्रेनॅलिन कपाटात कुलपाआड न ठेवता हाताशी ठेवावे आणि त्याची मुदत तपासावी. आशाताईंच्या पिशवीत मराठी फॉर्मच्या दोन प्रती असाव्यात. रिअॅक्शन आलेल्या रुग्णाला दवाखान्यातून निघताना औषधाचे नाव, त्याच्या कुळातली टाळायची नावे आणि तारीख लिहिलेला कागद मिळालाच पाहिजे. ही मागणी आहे, विनंती नव्हे.

आणि घरच्यांनी एवढे ओळखावे. औषध, मग ते कोणतेही असो, अगदी अॅलर्जीचे असले तरी, घेतल्यावर थोड्या वेळात ओठ-जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, छातीत शीळ वाजू लागली, भोवळ आली, पोटात कळा येऊन उलट्या सुरू झाल्या, तर दुसरी गोळी देऊ नये. माणसाला आडवे करून पाय उंच ठेवावेत, दम लागत असेल तर टेकून बसवावे, पण उठवून चालवत नेऊ नये. १०८ला फोन करावा. बरे वाटले म्हणून लगेच घरी परतू नये, कारण काही तासांनी तोच झटका पुन्हा येऊ शकतो. रिकामी पट्टी, पुडी, बाटली जे असेल ते सोबत न्यावे.

दुष्परिणाम कळवण्याचा क्रमांक १८००-१८०-३०२४ असा आहे. तो कामकाजाच्या दिवशी कार्यालयीन वेळेत लागतो आणि फोनचे पैसे पडत नाहीत. आजचा अंक रद्दीत जाण्याआधी तेवढा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून घ्या, आणि शेजारी घरात कुणाला कोणते औषध बाधले होते त्याचे नावही.